शर्यतीतून शेताकडे : सायकलपटू बर्नार इनो

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग



या पानावर एरवी मी बेणेमळा, हुमणीचा बंदोबस्त, पाण्याच्या पाळ्या असलेच विषय घेऊन येतो. या अंकातला विषय जरा आडवाटेचा आहे. त्याला कारण घडले ते आधी सांगतो.

गेल्या महिन्यात ऊस नोंदीच्या कामासाठी एका वस्तीवर गेलो होतो. तिथले आबा आपले जुने सभासद. त्यांच्या धाकट्या मुलाने शालेय सायकल शर्यतीत जिल्ह्यात दुसरा नंबर काढला होता. तेव्हापासून पोराने भारी सायकलीचा हट्ट धरला होता. आबा बांधावर बसून तंबाखू मळत म्हणाले, "साहेब, तुम्ही वाचणारं माणूस. मला एवढंच सांगा, सायकल मारून कुणाचं पोट भरलंय का? आन् समजा भरलं, तरी पाय थकल्यावर फुडं काय?"

प्रश्नाचा पहिला भाग सोपा होता. दुसऱ्या भागाने मात्र माझी झोप उडवली. खेळाडू जिंकतो तेव्हाचे फोटो आपण पाहतो, पण पुढे त्याचे काय झाले हे सहसा कुणी विचारत नाही. उसाचेही तसेच आहे. लागणीच्या पिकाचे सगळे कौतुक करतात आणि खोडव्याकडे पाठ फिरवतात. म्हणून आज अशा एका माणसाची हकीकत सांगतो, ज्याची लागण जगाने पाहिली आणि ज्याने आपला खोडवाही नीट राखला. तो गडी शर्यती संपवून थेट गाईंच्या गोठ्यात गेला, म्हणून तो आपल्याला जवळचा वाटावा.

त्याचे नाव बर्नार इनो. नाव वाचून कुणाला पोटाच्या पावडरीची पुडी आठवेल, पण फ्रेंच लोक त्याच्या नावाचा उच्चार असाच करतात, त्याला इलाज नाही.

रेल्वे कामगाराचा मुलगा

फ्रान्सच्या पश्चिम टोकाला समुद्रात घुसलेला ब्रिटनी नावाचा मुलूख आहे. पाऊस, वारा, हिरवी कुरणे, दुभत्या गाई आणि भाजीपाला यांचा हा प्रदेश. माणसे कष्टाळू, बोलायला फटकळ आणि हट्टी म्हणून प्रसिद्ध. या मुलखातल्या इफिन्याक गावी १४ नोव्हेंबर १९५४ रोजी बर्नारचा जन्म झाला. वडील रेल्वेत रूळ टाकण्याच्या आणि दुरुस्तीच्या कामावर होते. चार भावंडांचे घर, चैनीला जागा नाही.

ब्रिटनीत सायकल शर्यतीचे वेड आपल्याकडच्या कुस्तीसारखे आहे. गावची जत्रा म्हटली की शर्यत आलीच. शाळेत असताना बर्नार आधी लांब पल्ल्याचे धावणे करायचा. मे १९७१ मध्ये तो पहिल्यांदा सायकल शर्यतीत उतरला आणि ती पहिलीच शर्यत त्याने जिंकली. पुढे लष्करातली सक्तीची नोकरी आली. ती संपवून, लग्न करून, १९७५ साली विसाव्या वर्षी तो व्यावसायिक सायकलपटू झाला. म्हणजे महिन्याच्या पगारावर कंपनीच्या संघात दाखल झाला. त्या मुलखात हा धंदा रीतसर नोकरीसारखा आहे. पगार मिळतो, बक्षिसात वाटा मिळतो आणि पाय चालेनासे झाले की घरचा रस्ता धरावा लागतो.

सुरुवातीच्या वर्षांत त्याचे नाव रस्त्याइतकेच ट्रॅकवरही झाले. ट्रॅक म्हणजे लंबगोल, कडेला उंच उतार केलेली बंदिस्त धावपट्टी. तिथे 'पाठलाग' नावाचा एक प्रकार असतो. दोन गडी समोरासमोरच्या बाजूंनी एकाच वेळी सुटतात आणि एकमेकांना गाठायला बघतात. व्यावसायिकांसाठी त्या काळी अंतर पाच किलोमीटर असे. त्यात फ्रान्सचा राष्ट्रीय विजेता म्हणून इनोचे नाव लागले. या प्रकारात एक शिस्त अंगी बाणते. पहिल्या फेरीला सगळा दम काढून टाकणारा शेवटी ढेपाळतो आणि फार जपून चालणारा मागे पडतो. दम शेवटच्या वीतभर अंतरापर्यंत सारखा पुरवायचा असतो. ही शिदोरी त्याला आयुष्यभर पुरली. एकट्याने घड्याळाशी लढायच्या शर्यतींत त्याला तोड नव्हती. त्या प्रकारातली मानाची 'ग्रां प्री दे नास्याँ' ही शर्यत त्याने पाच वेळा जिंकली.

कोवळा ऊस तोडू नये

१९७६ पासून त्याच्या संघाची सूत्रे सिरिल गिमार या माजी सायकलपटूकडे आली. गिमार डोक्याने चालणारा माणूस होता. १९७७ साली इनोने बेल्जियममधल्या दोन मोठ्या शर्यती मारल्या. मग फ्रान्समधल्या 'दोफिने' या अनेक दिवसांच्या डोंगरी शर्यतीत तो पुढे असताना घाट उतरताना एका वळणावर सायकल हुकली आणि गडी कठड्यावरून दरीत गेला. झाडाझुडपामुळे वाचला, सायकल मात्र खाली गेली. तो वर चढून आला, दुसरी सायकल घेतली आणि ग्रेनोबल शहराकडे निघाला. तिथल्या शेवटच्या खड्या चढावर पाय थरथरू लागले तेव्हा काही पावले सायकल हातात धरून चालला, पुन्हा स्वार झाला, त्या दिवसाचा टप्पा जिंकला आणि शर्यतही जिंकली. टेलिव्हिजनवर हे सारे लोकांनी पाहिले होते. एका दिवसात तो देशाचा लाडका झाला.

आता सगळे म्हणू लागले की याच वर्षी याला 'टूर द फ्रान्स'ला पाठवा. ही शर्यत सुमारे तीन आठवडे चालते. रोज दीडशे-दोनशे किलोमीटर, आल्प्स आणि पिरेनीज हे दोन्ही पर्वत ओलांडायचे. रोजच्या वेळांची बेरीज करून ज्याची सर्वांत कमी तो विजेता, आणि पुढे असलेल्याच्या अंगावर पिवळी जर्सी. गिमारने ठाम नकार दिला. पोरगा अजून पक्व झालेला नाही, वर्षभर थांबू, असे त्याचे म्हणणे. कारखाना सुरू झाला म्हणून दहा महिन्यांचा ऊस तोडायला निघणाऱ्या सभासदाला आम्ही जे सांगतो तेच गिमारने सांगितले.

पुढच्या वर्षी, १९७८ मध्ये, इनो टूरमध्ये उतरला आणि पहिल्याच खेपेला जिंकला.

वालान्स-दाझाँचा संप

त्या १९७८ च्या टूरमधली एक गोष्ट सहकारातल्या माणसाने लक्षात ठेवण्यासारखी आहे. आयोजक एकाच दिवशी दोन-दोन टप्पे ठेवू लागले होते. जितकी गावे शर्यतीत घ्यावी तितके गावांकडून पैसे मिळत. खेळाडूंना मात्र रात्री उशिरा मुक्काम आणि पहाटे पाचला उठणे. डोंगरातला अवघड दिवस संपवून आलेल्यांना दुसऱ्या दिवशी पुन्हा दोन टप्पे होते. तेव्हा सगळ्या संघांनी ठरवले की आता बस. वालान्स-दाझाँ या गावाच्या अंतिम रेषेपाशी सारे जण रमतगमत, उशिराने पोहोचले. रेषा जवळ येताच सायकलीवरून उतरले आणि चालत चालत रेषा ओलांडली. सर्वांच्या पुढे राष्ट्रीय विजेत्याची जर्सी घातलेला, वय वर्षे तेवीस, पहिलीच टूर खेळणारा इनो होता. गावकऱ्यांनी शिट्ट्या मारल्या, शिव्या दिल्या. तो हनुवटी वर करून उभा राहिला. तो टप्पा रद्द झाला.

नाण्याची दुसरी बाजूही सांगतो, म्हणजे आपण कुणाला देव करणार नाही. १९८४ साली 'पॅरिस-नीस' शर्यतीत जहाज बांधणीच्या गोदीतल्या संपकरी कामगारांनी रस्ता अडवला. त्यांच्याही पोटाचाच प्रश्न होता. इनो त्या वेळी आघाडीच्या टोळीत होता. त्याने सायकल सरळ गर्दीत घातली, खाली उतरला आणि ठोसे मारले. एकदा स्वतः संप करणारा माणूस दुसऱ्याचा संप पाहून भडकला. १९८२ साली ब्रिटनीतल्याच एका शर्यतीनंतर त्याने उत्तेजक द्रव्याची तपासणी देण्यास नकार दिला आणि दंड ओढवून घेतला. माणूस असा काटेरी होता. त्याचे टोपणनाव 'बॅजर', म्हणजे बिळात राहणारा एक चिवट प्राणी. डिवचला तर मागे सरत नाही, चावला तर सोडत नाही.

थंडीने घेतलेली दोन बोटे

त्याच्या चिवटपणाची साक्ष पाहायची तर २० एप्रिल १९८० चा दिवस घ्यावा. बेल्जियममधली 'लिएज-बास्तोन-लिएज' ही शर्यत सुमारे २४४ किलोमीटरची. सुरुवातीलाच बर्फ पडू लागला. समोरचे दिसेना, ब्रेकवर बोटे वळेनात. १७४ जण सुटले होते. तासा-दोन तासांत निम्म्याहून अधिक गाड्यांत आणि हॉटेलांत जाऊन बसले. इनोच्याही मनात सोडून द्यायचे होते. पण हवा जराशी उघडली, त्याने वरचा रेनकोट काढून टाकला आणि अंगात ऊब यावी म्हणून जोर लावला. शेवटचे ऐंशी किलोमीटर तो एकटाच पुढे होता. दुसरा आलेला खेळाडू नऊ मिनिटांपेक्षा जास्त मागे होता. शर्यत पूर्ण करणारे फक्त २१ निघाले. त्या दिवशी उजव्या हाताच्या दोन बोटांना जी इजा झाली ती कायमची राहिली. थंडी पडली की ती बोटे आजही त्रास देतात, असे तो सांगतो. शरीराकडून उसने घेतलेले शरीर कधी ना कधी वसूल करतेच.

त्याच वर्षी इटलीची तीन आठवड्यांची शर्यत त्याने जिंकली. मग टूरमध्ये पिवळी जर्सी अंगावर असतानाच गुडघा सुजला. पो नावाच्या गावी रात्री तो गुपचूप शर्यत सोडून गेला. वर्तमानपत्रांनी टीका केली. दोन महिने उलटायच्या आत, ३१ ऑगस्टला सालांश येथे, डोंगराच्या वाटेवर वारंवार फेऱ्या मारण्याच्या जागतिक अजिंक्यपदाच्या शर्यतीत एकेकाला मागे टाकत तो जगज्जेता झाला. २६८ किलोमीटरच्या त्या शर्यतीत शेवटपर्यंत पंधराच जण टिकले.

१९८१ साली 'पॅरिस-रुबे' ही दगडी फरसबंदीवरून जाणारी शर्यत आली. ती त्याला मनापासून आवडत नव्हती, हे तो उघड बोलायचा. तरीही जगज्जेत्याची जर्सी घालून उतरला, सात वेळा पडला, शेवट जवळ आला असताना एका कुत्र्याने आडवे येऊन पाडले, आणि तरीही जिंकला. न आवडणारे काम अंगावर आले तर ते नीट करून मगच नावे ठेवावीत, हा धडा मी आमच्या गटातल्या तरुण कर्मचाऱ्यांना नेहमी सांगतो.

एकट्याचे नाव, दहा जणांचे श्रम

सायकल शर्यत दिसायला एकट्याची, पण असते संघाची. वाऱ्याला तोंड देत पुढे चालणाऱ्याला जास्त जोर लागतो आणि त्याच्या मागे चिकटून चालणाऱ्याचा दम बराच वाचतो. म्हणून संघातले बाकीचे गडी आळीपाळीने पुढे राहून वारा झेलतात, नायकाला पाणी आणून देतात, त्याचे चाक पंक्चर झाले तर आपले काढून देतात. पिवळी जर्सी एकाला मिळते. म्हणून एक जुनी रीत आहे की नायकाच्या बक्षिसाची रक्कम सोबत्यांत वाटली जाते. टनेज एकाच्या नावावर लागले तरी त्यात पाणी धरणारा, बांधणी करणारा आणि तोडणी मजूर असतोच, तसे हे.

या रीतीची कसोटी १९८५-८६ मध्ये लागली. ती इनोच्या आयुष्यातली सर्वांत अवघड गोष्ट आहे, म्हणून थोडी सविस्तर सांगतो.

१९८३ मध्ये स्पेनची शर्यत जिंकताना गुडघा पुन्हा बिघडला आणि शस्त्रक्रिया झाली. तो टूरला जाऊ शकला नाही. त्याच्याच संघातला बावीस वर्षांचा लोराँ फिन्याँ ती जिंकून गेला. गिमारशी बिनसले, इनोने संघ सोडला आणि बर्नार तापी नावाच्या उद्योगपतीच्या नव्या संघात गेला. १९८४ च्या टूरमध्ये फिन्याँने त्याला दहा मिनिटांहून अधिक फरकाने हरवले. लोक म्हणाले, इनो संपला.

१९८५ मध्ये तो परत आला. तेव्हा त्याच्या पायात नव्या तऱ्हेचे पेडल होते. बर्फावर घसरायच्या पट्ट्यांना बूट जसा खटकन बसतो त्या तत्त्वावर ते बनवले होते. चामडी पट्ट्याने पाय बांधायची जुनी पद्धत त्यानंतर मागे पडत गेली. त्या टूरमध्ये सेंत-एतिएन येथे तो पडला, नाकाचे हाड मोडले, डोळे काळेनिळे झाले. पुढे डोंगरात त्याला नीट श्वास घेता येईना. त्याच्याच संघातला ग्रेग लेमाँड हा तरुण अमेरिकन तेव्हा पुढच्या टोळीत होता आणि जोर लावला असता तर कदाचित टूर जिंकला असता. संघाच्या गाडीतून त्याला सांगण्यात आले की थांब, जोर लावू नकोस. पोरगा मन मारून थांबला. इनो १ मिनिट ४२ सेकंदांनी पाचवी टूर जिंकला. आणि त्याने सर्वांसमक्ष शब्द दिला की पुढच्या वर्षी मी लेमाँडला जिंकायला मदत करीन.

१९८६ उजाडले. पिरेनीज पर्वतात पहिल्याच दिवशी इनो सुटला, चार मिनिटांहून अधिक आघाडी घेतली आणि पिवळी जर्सी चढवली. दुसऱ्या दिवशी आघाडी असतानाही पुन्हा एकटा सुटला. लेमाँड हवालदिल झाला. दिलेला शब्द कुठे गेला? इनोचे म्हणणे असे की मी प्रतिस्पर्ध्यांना दमवत होतो, त्यात लेमाँडचाच फायदा. त्या दुसऱ्या दिवशी मात्र त्याचा दम संपला आणि लेमाँडने बरीच वेळ भरून काढली. पुढे आल्प्समध्ये जर्सी लेमाँडकडे गेली. आल्प द्युएझच्या चढावर दोघे हातात हात घालून वर आले. तो फोटो जगभर छापला गेला. शेवटी लेमाँड ३ मिनिटे १० सेकंदांनी जिंकला. टूर जिंकणारा तो पहिला अमेरिकन. इनो दुसरा आला.

शब्द पाळला की मोडला, यावर आजही वाद चालतो. मला विचाराल तर त्याने शब्द पाळलाही आणि मोडलाही. ज्याने दहा वर्षे पुढे राहण्याचीच सवय लावून घेतली, त्याला मागे बसता येईना. आपल्याकडे बाप मुलाला म्हणतो, "आता सगळं तूच बघ," आणि दुसऱ्या दिवशी पहाटे स्वतःच मोटार चालू करायला विहिरीवर हजर होतो. त्यात कपट नसते, पण पोराचा जीव मात्र टांगणीला लागतो. वारस नेमणे सोपे, बाजूला होणे अवघड.

तारीख आधीच ठरलेली

पण एका बाबतीत इनोने शब्द तंतोतंत पाळला, आणि आबांच्या प्रश्नाचे उत्तर मला तिथे सापडले. बत्तीस वर्षे पूर्ण झाली की मी थांबणार, असे तो आधीपासून सांगत असे. लोकांना ते बोलणे वाटले. नोव्हेंबर १९८६ मध्ये बत्तिसावा वाढदिवस आला आणि ब्रिटनीत आपल्याच माणसांच्या गर्दीत शेवटची फेरी मारून तो खरोखर थांबला. तेव्हा तो टूरमधला दुसरा होता, म्हातारा नव्हता. अजून दोन-तीन वर्षे पैसा मिळाला असता. सहावी टूर जिंकली असती तर तो विक्रम झाला असता. त्याने मोह आवरला.

हे जमले कारण पुढची तयारी आधीच झाली होती. गुडघा दुखावला त्या १९८३ सालीच त्याने ब्रिटनीत कालोर्गेन गावाजवळ शेत घेऊन ठेवले होते. सुमारे ४८ हेक्टर, म्हणजे आपल्या हिशेबाने एकशेवीस एकरांच्या आतबाहेर. जन्मगावापासून फार तर पन्नास-साठ किलोमीटर. नात्यातला एक भाऊ सोबतीला घेऊन त्याने तिथे दूधदुभत्याचा धंदा मांडला. जगज्जेता पहाटे उठून गोठ्यात उभा राहू लागला.

आणि शेती म्हणजे तिथेही काही सोन्याचा धूर नव्हता. १९८४ साली युरोपच्या सामायिक बाजारपेठेने दुधाला कोटा लावला. प्रत्येक देशाला आणि प्रत्येक शेतकऱ्याला ठराविक लिटर, त्यावर दूध गेले तर दंड. ही पद्धत २०१५ पर्यंत चालली. गाय जास्त दूध देते म्हणून जास्त पैसे मिळतील असा हिशेब चालत नव्हता. जास्त ऊस झाला की आपल्याला तोडणीची काळजी लागते, तिथल्यांना जास्त दुधाची लागे. इनोने याच काळात शेती केली. शर्यतीत वाऱ्याचा अंदाज घ्यायची सवय त्याला इथे उपयोगी पडली असेल.

खेळाशी नाते त्याने तोडले नाही. पेडल बनवणाऱ्या कारखान्याला सल्ला दिला. टूरच्या आयोजकांकडे त्याने २०१६ पर्यंत काम केले. विजेत्याला व्यासपीठावर नेणे, पाहुण्यांशी ओळख करून देणे हे त्याचे काम. ज्या पायरीवर स्वतः उभा राहिला त्या पायरीवर तो तीस वर्षे दुसऱ्यांना चढवत राहिला. २००८ साली नांत शहरात एक निदर्शक एकाएकी व्यासपीठावर घुसला. त्रेपन्न वर्षांच्या इनोने पुढे होऊन त्याला असा ढकलला की तो खाली. बॅजरचे दात शाबूत होते. पुढे वयोमानाप्रमाणे त्याने गोठा आवरला.

पाच वेळा टूर, तीन वेळा इटली, दोन वेळा स्पेन, अशा तीन आठवड्यांच्या एकूण दहा शर्यती त्याच्या नावावर आहेत. त्याच्यापुढे फक्त बेल्जियमचा एडी मर्क्स, अकरा. १९८५ नंतर आजवर एकाही फ्रेंच खेळाडूला टूर जिंकता आलेली नाही. तरीही त्याला पाहायला गेलेल्या माणसाला तो एखाद्या ब्रेतों शेतकऱ्यासारखाच वाटतो, असे लिहिणारे लिहितात.

आपल्यासाठी

बंधूंनो, उसाला तुरा आला, पक्वता झाली, तरी अजून थोडे वजन भरेल म्हणून फड उभा ठेवला तर काय होते हे आपण जाणता. दशी पडते, वजन घटते, उतारा घसरतो. शिवाय उशिरा तुटलेल्या फडाचा खोडवाही जोमाने फुटत नाही. वेळेवर तोडणी झाली, बुडखे जमिनीलगत छाटले, पाचट न जाळता सरीत दाबले, नांग्या भरल्या, पहारीने खत दिले, तर त्याच मुळांवर दुसरे पीक उभे राहते. माणसाचेही तेच. पहिल्या पिकाचा शेवट वेळेवर झाला तर दुसऱ्याला जोर राहतो. मात्र दुसऱ्याची तयारी पहिले पीक उभे असतानाच करावी लागते. इनोने जमीन १९८६ मध्ये नव्हे, १९८३ मध्ये घेतली.

हेही प्रामाणिकपणे सांगतो की प्रत्येक सायकलपटू इनो होत नाही. त्याच्यासाठी वारा झेलणारे कित्येक गडी थोड्याशा पगारावर राबून नाव न होता घरी गेले. तेव्हा पोराला भारी सायकल घेऊन दिली की घरात सोने येईल, असे मी कुणाला सांगणार नाही.

ही सगळी हकीकत मी आबांना त्यांच्याच ओट्यावर बसून सांगितली. पोरगा दाराआड उभा राहून ऐकत होता. बर्फातल्या शर्यतीपाशी त्याचे डोळे लकाकले. आबांना मात्र गोठा पटला. बराच वेळ गप्प राहून त्यांनी पोराला बाहेर बोलावले आणि म्हणाले, "हे बघ, दोन हंगाम तुझे. सायकल घेऊन देतो. पण शेतीशाळेचा डिप्लोमा सोडायचा नाही. आन् दोन हंगामानं काय करायचं ते आजच माझ्यापुढं लिहून काढ."

पोराने वही आणली. त्याने काय लिहिले ते मी पाहिले नाही. ते त्या दोघांचे आहे. आठवडाभराने त्या वस्तीवरून मोटारसायकलवर येत होतो. ओढ्याच्या चढावर मागून घंटा वाजली, आणि ते पोरगं खाली मान घालून माझ्या शेजारून वर गेले. मीही गाडीचा वेग जरा कमी केला. त्याला पुढे जाऊ दिले.